क्लचचें तेल कोठें गेलें?

मढीच्या यात्रेच्या दिवसांत आम्ही पाथर्डीहून नगरास परतत होतों. गाडी जुनी अँबॅसेडर. तिचें उत्पादन २०१४ सालीं बंद झालें, आणि आमची गाडी तर त्याच्याही पुष्कळ आधींची. करंजीचा घाट लागण्यापूर्वींच क्लचचें पेडल एकाएकीं तळास टेकलें, व गिअर पडेना. नुसता करकर आवाज येई. गाडींत लहान मुलें होतीं, एक आजी होत्या, आणि पुढें घाटांत वाहनांची रीघ लागलेली. आम्हीं गाडी गांवांतच कडेस घेतली.

जमलेल्या मंडळींपैकीं एकानें सल्ला दिला कीं, टाकींत तेल घाला आणि निघा. खरें सांगावयाचें तर महिनाभर आम्हीं तेंच केलें होतें. तेल कमी झालें कीं घालावें. तें जातें कोठें, हा प्रश्न मनांत आलाच नाहीं.

विद्यार्थ्यांनो, ह्या क्लचमध्यें दोरी किंवा तार नसते. पेडलाखालच्या मास्टर सिलिंडरांतील दट्ट्या तेल ढकलतो, आणि तें नळींतून जाऊन खालच्या स्लेव्ह सिलिंडरांतील दट्ट्यास रेटतें. १६६२ सालीं निवर्तलेल्या पास्कल नामक फ्रेंच पंडिताचा द्रवाच्या दाबाविषयींचा नियम आपण वर्गांत शिकतों, तो हाच. समजा, वरचा दट्ट्या ४ चौरस सेंटिमीटरांचा व खालचा ५ चा आहे. वरचा १० मिलिमीटर सरकला तर खालचा ८ सरकेल, मात्र जोर सव्वापट होईल. आतां नळींत हवा शिरली असें धरा. तेल दबत नाहीं, हवा दबते. वरच्या १० पैकीं ४ मिलिमीटर हवा दाबण्यांतच खर्ची पडले, तर खालीं ४.८ च पोंचतात. तेवढ्यानें क्लच पुरता सुटत नाहीं, आणि गिअर ओरडतो.

म्हणून प्रथम पाहावें तें ओल कोठें आहे. पेडलापाशीं, गाडीच्या आंत ओल असेल तर दोष मास्टरचा. खालीं स्लेव्हच्या रबरी टोपणांत तेल सांचलें असेल तर स्लेव्हचा. कोठेंच ओल नाहीं, टाकी भरलेली आहे, तरी पेडल दाबून धरल्यास हळूहळू खचतें, तर मास्टरच्या आंतील रबरी कप झिजून तेल मागें निसटत असावें. चारपांचदां दाबल्यावर पेडल घट्ट होत असेल तर हवेचा संशय घ्यावा. पेडल घट्ट आहे, स्लेव्हची दांडीही पुरी सरकते, आणि तरीही गिअर पडत नाहीं, तर बिचाऱ्या तेलास बोल लावूं नये. दोष प्लेटकडे असून गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

आमच्या गाडीचें रबरी टोपण उचलतांच तेल बोटांवर आलें.

तेवढ्यांत एका भल्या गृहस्थानें इंजिन ऑईलचा डबा पुढें केला. तो आम्हीं आभार मानून परत केला. खनिज तेलानें ब्रेक ऑईलसाठीं घडविलेलें रबर फुगतें. आणि कित्येक जुन्या गाड्यांत क्लच व ब्रेक यांना एकाच टाकींतून तेल मिळतें. तेथें एका चुकीच्या डब्यानें ब्रेकही जाईल. गळतीनें टाकी रिकामी झाली तरी धोका तोच. शिवाय ब्रेक ऑईल हवेंतील ओल शोषतें. म्हणून उघडून ठेवलेला जुना डबाही कामाचा नाहीं.

तिसगांवाहून मिस्त्री नवा कप घेऊन आले. जुना काढला तेव्हां त्याची कड नखानें खरवडल्यासारखी झिजलेली दिसली. सिलिंडर आंतून गंजलेला नव्हता, हें आमचें नशीब. गंज असता तर नवा कपही लवकरच फाटला असता.

मग हवा काढण्याचें काम. स्लेव्हच्या निपलास नळी लावून तिचें टोंक बाटलींतील तेलांत बुडविलें. आमच्यापैकीं एकजण पेडल दाबून धरी, मिस्त्री निपल सोडीत, पुन्हां आवळीत, आणि मगच "सोडा" म्हणत. हा क्रम चुकला तर हवा उलट आंत ओढली जाते. मधून मधून टाकी भरावी लागे. प्रथम बुडबुडे फसफसत आले, मग तुरळक झाले, आणि शेवटीं नुसतें स्वच्छ तेल येऊं लागलें. पेडल पायास घट्ट लागलें. आजींनीं विचारलें, "आतां पडतो का रे गिअर?" पहिला गिअर मुकाट्यानें पडला, आणि दिवे लागण्याच्या सुमारास आम्हीं घाट चढावयास घेतला.