गाजलेली कादंबरी हाती घेताना

भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' मी वाचली ती तिचा बोलबाला ऐकून. १९६३ सालची कादंबरी, लेखक तेव्हा जेमतेम पंचविशीचा, मराठी कादंबरीची भाषाच तिनं पालटली, हे सगळं आधीच कानावर होतं. खेड्यातला मुलगा पुण्यात शिकायला जातो म्हटल्यावर वाटलं, ही आपलीच गोष्ट. आमच्या मारेगाव तालुक्यातून किती पोरं यवतमाळ-नागपूरला अशीच जातात.

घोर निराशा झाली. कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर वसतिगृहातले कारभार अंगावर घेतो, बापाचा पैसा घालवतो, अभ्यासाकडे पाठ फिरवतो आणि हे सारं बेफिकिरीनं सांगतो. आमच्याकडे मुलाच्या खोलीचं भाडं कापसाच्या चुकाऱ्यावर अवलंबून असतं. बोंडअळी पडली की आधी मेसचे पैसे थकतात. त्यामुळे पांडुरंगची तगमग वाचताना माझं मन त्याच्या बापाच्या खिशातच अडकून राहिलं. शिकून काय करायचं, हा त्याचा प्रश्न; शिकूनही नोकरी लागली नाही तर काय, हा आमचा. त्याला हरून परतायला घर आहे, शेती आहे. आमच्या कित्येक घरांत तीच शेती शिक्षणापायी गहाण पडते.

म्हणून शिकणारी पोरं विचारायला आली की मी सांगतो: नाव ऐकून पुस्तक विकत घेऊ नका. वाचनालयातून आणा, वीस-पंचवीस पानं वाचा. पांडुरंगचा राग आला तर तो गिळू नका. 'तुला साहित्य कळत नाही' असं कुणी म्हटलं, तर नेमक्या पानावर बोट ठेवून बोला. परीक्षेतही गाईडमधला 'अस्तित्ववाद' उतरवण्यापेक्षा हा राग कारणांसह लिहिलेला बरा. मात्र त्याची धाकटी बहीण मनी हिच्या मृत्यूपर्यंत वाचल्याशिवाय मत देऊ नका. तिथं पांडुरंगची सगळी बेफिकिरी गळून पडते. माझी निराशा कायम आहे, तरी ती पानं मी कुणालाही वाचायला लावीन.

आणि लगोलग सदानंद देशमुखांची 'बारोमास' घ्या. २००२ सालची ही कादंबरी. २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. म्हणजे पुरस्कार पाहून पुस्तक टाळायचंही कारण नाही. यातला एकनाथ तनपुरे चांगला शिकलेला, पण संस्थाचालकांना द्यायला पैसे नाहीत म्हणून मास्तरकी मिळत नाही. मग कोरडवाहू शेती, कर्ज, आणि नोकरीवाला नवरा मिळेल या आशेनं आलेल्या बायकोशी रोजची कुरबुर. असा एकनाथ आमच्याकडे गल्लोगल्ली सापडेल.

ही कादंबरी घरात मोठ्यानं वाचा. वेचणीच्या धांदलीत नको, कापूस विकून झाल्यावर. आई-बाबांना मधे बोलू द्या. डोनेशनपायी कुणाचं वावर गेलं, कुणाची सोयरीक मोडली, हे ते नावांनिशी सांगतील.