मेंदी काळी नसते

पुतण्याच्या हळदीच्या आदल्या रात्री मी केसांना काळी मेंदी लावली. सात-आठ वर्षं तीच लावत होते. पुडीवर हिरवं पान छापलेलं, वर ‘हर्बल’ लिहिलेलं, त्यामुळे मनात कधी शंका आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी कानामागे खाज सुटली, रात्री कपाळाच्या कडेनं पुरळ उठलं आणि लग्नाच्या सकाळी सुजेमुळे डोळेच उघडेनात. अक्षता पडल्या तेव्हा मी आतल्या खोलीत डोळ्यांवर ओलं फडकं ठेवून पडून होते.

नाशिकच्या त्वचेच्या डॉक्टरांनी आधी विचारलं, “पुडी आणलीत का?” मुलानं घरून फोटो पाठवला. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत पॅराफेनिलिनडायअमाइन, म्हणजे पीपीडी, लिहिलेलं होतं. केस काळे करतं ते हे रसायन. बाजारातल्या बहुतेक काळ्या कलपांत तेच असतं. मेंदीच्या पानातला रंग लॉसोनचा, आणि तो केशरी-तांबडाच चढतो. अर्ध्या तासात केस काळेभोर करणारी पुडी नुसत्या मेंदीची असूच शकत नाही, एवढं तरी प्रत्येकीनं लक्षात ठेवावं.

“मग इतकी वर्षं काही झालं नाही ते कसं?” मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, ही अ‍ॅलर्जी बऱ्याचदा अशीच येते. शरीर ते रसायन हळूहळू ओळखू लागतं, आणि एकदा ओळखलं की सहसा आयुष्यभर विसरत नाही. त्रासही लावल्या लावल्या दिसत नाही, एक-दोन दिवसांनी उठतो. म्हणूनच कोणत्याही कलपाची चाचणी कोपराच्या आतल्या बाजूला करून पूर्ण 48 तास थांबायचं. मात्र ज्यांना एकदा सूज आली आहे, त्यांनी पीपीडीची चाचणीसुद्धा घरी करू नये. पापण्यांना आणि भुवयांना तर कोणीच कलप लावू नये. डोळे जाण्याची भीती असते.

आता मी मेंदी आणि नीळ लावते. नीळ म्हणजे कपड्यांची नव्हे, निळीच्या झाडाच्या पानांची भुकटी. हे मुद्दाम सांगते, कारण आमच्या गल्लीतली एक जण किराणा दुकानातून कपड्यांचीच नीळ घेऊन आली होती. दोन्ही पुड्यांवर घटक म्हणून फक्त वनस्पतीचं नाव हवं.

मेंदी कोमट पाण्यात कालवायची. लिंबू पिळायचं नाही, नाजूक त्वचेला ते झोंबतं. उन्हाळ्यात चार-पाच तासांत रंग सुटतो, पण आमच्या निफाडच्या थंडीत नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा बातम्यांत झळकतो त्या दिवसांत मी मेंदी रात्रभर चुलीच्या उबेला झाकून ठेवते आणि दुपारी उन्हात बसून लावते. नाहीतर गार लेप डोक्यावर घेऊन सर्दी ठरलेली. दोन-तीन तासांनी नुसत्या पाण्यानं धुवायचं. मग नीळ कोमट पाण्यात, चिमूटभर मीठ घालून कालवायची, पंधरा मिनिटं झाकायची आणि लगेच लावायची. ठेवून दिली तर तिचा जोर जातो. तासाभरानं धुतल्यावर केस हिरवट दिसतात. घाबरू नका, हवा लागून दोन दिवसांत रंग गडद होतो. तोवर शाम्पू नाही.

पुडीसारखा काळा रंग येत नाही, गडद तपकिरी येतो. दोन-तीन आठवड्यांत भांगात पांढरं दिसायला लागतं. अर्धा दिवस जातो. द्राक्षाच्या विरळणीला रोज जाणाऱ्या बायांना तो कुठून मिळणार, हेही मला कळतं. त्यांना मी एवढंच म्हणते, पांढरे राहू द्या, पण ती पुडी नको.

नैसर्गिक आहे म्हणून डोळे मिटूनही लावू नका. नीळ क्वचित कुणाला सोसत नाही, तेव्हा तिचीही चाचणी करा. घरात जी-सिक्स-पीडीची कमतरता असलेलं कुणी असेल, विशेषतः लहान मूल, तर त्याला मेंदी लावूच नका. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. आणि कलपानं खाज सुटलीच तर भरपूर पाण्यानं डोकं धुवा, पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. ओठ सुजले किंवा श्वास अडकला तर क्षणभर थांबू नका, थेट दवाखाना गाठा.

पीपीडीची अ‍ॅलर्जी असलेल्या काहींना जागा बधिर करणारी काही औषधंही चालत नाहीत. गेल्या महिन्यात दाढ काढायला गेले, तेव्हा खुर्चीत बसायच्या आधीच ते केसपेपरवर लाल शाईनं लिहून घेतलं.