अग्निकर्म आणि अर्बुदाचे सूचीद्वारा दहन

यकृतातील गाठीचा सोनोग्राफी-अहवाल घेऊन माधवनगर-सांगली परिसरातील रुग्ण प्रथम आपल्याकडेच आला, तर ‘शस्त्रक्रियेविना गाठ जाळता येते काय?’ या प्रश्नाचे उत्तर वैद्यास देता आले पाहिजे.

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या १२ व्या अध्यायात क्षारापेक्षा अग्नी श्रेष्ठ मानला आहे. अग्निकर्मात तप्त शलाका दृश्य स्थानी लावतात. रेडिओफ्रिक्वेन्सी ॲब्लेशनमध्ये सोनोग्राफी वा सी.टी. स्कॅनच्या मार्गदर्शनाने त्वचेतून सुई गाठीत नेतात. ही सुई तापवलेली नसते. विद्युत्प्रवाहामुळे सभोवतीच्या ऊतकातील आयन कंप पावून घर्षणाने उष्णता उत्पन्न होते. ६० अंश सेल्सिअसच्या वर पेशी त्वरित मृत होतात. १०० अंशांपुढे ऊतक कोळसते व उष्णता पुढे पसरत नाही. मोठ्या रक्तवाहिनीलगत वाहते रक्त उष्णता हरण करते, त्यामुळे तेथे गाठीचा अंश उरू शकतो. म्हणूनच ३ सें.मी.पर्यंतच्या गाठीत यश अधिक मिळते.

यावरून वैद्याचे कर्तव्य ठरते. केवळ काढ्यांवर महिने घालविल्यास गाठ ही मर्यादा ओलांडते व उपायाचे दार बंद होते. रुग्णास विनाविलंब कर्करोगतज्ज्ञाकडे पाठवावे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात (स्थापना १९४१) ही चिकित्सा होते. गुग्गुळकल्प, लसूणकल्प चालू असल्यास चिठ्ठीत अवश्य लिहावे, कारण त्यांमुळे रक्तस्रावाची शक्यता वाढू शकते. औषधविक्रेत्यांनीही याची चौकशी करावी. दहनानंतर काही दिवस सौम्य ज्वर संभवतो. मात्र ज्वर वाढल्यास वा थंडी वाजल्यास विद्रधीची शंका घेऊन रुग्णास त्वरित परत पाठवावे.