जुलाब लागल्यावर पाणी बंद करू नका



मागे एका फेरीत एका खलाशाला जुलाब लागले. "पाणी दिलं की जुलाब वाढतात" म्हणून बाकीच्यांनी त्याला पाणीच दिलं नाही. बंदरावर आला तेव्हा डोळे खोल गेलेले, पाय वळत होते. वाचला, पण थोडक्यात. चलथाणला घरी असलो तर दवाखाना जवळ आहे, समुद्रात किनारा दहा-बारा तास लांब असतो. म्हणून पोटात नेमकं काय होतं ते समजून घेऊ.

2022 च्या जुलैमध्ये मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी गावांत विहिरीच्या दूषित पाण्याने कॉलरा पसरला आणि माणसं गेली. म्हणजे हा आजार जुना झाला असं समजू नका.

कॉलऱ्याचा जंतू आतड्यात चिकटतो आणि विष सोडतो. हे 1959 साली कोलकात्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी दाखवलं. जंतू गाळून काढले आणि उरलेलं नुसतं पाणी सशाच्या आतड्यात घातलं, तरी आतडं पाण्याने फुगलं. म्हणजे काम विषाचं.

हे विष आतड्याच्या पेशीत शिरतं आणि मीठ बाहेर सोडणारा नळ उघडाच ठेवतं. मिठामागे पाणी जातं. जोराचा कॉलरा असेल तर मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. पण पेशी मरत नाही. साखर आणि मीठ एकत्र आलं की दोन्ही आत घेणारं तिचं दुसरं दार चालूच असतं, आणि त्यांच्यामागे पाणीही आत जातं. ओआरएस चालतं ते याच दारामुळे. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पाजलं. शंभरातले तीसेक रुग्ण दगावत होते, ते चारच्या खाली आले.

सगळी विषं सारखी नसतात. खाऱ्या पाण्यातल्या कोळंबी, चिंबोरी, कालवांवर कॉलऱ्याचाच एक भाऊबंद जंतू असतो. त्याचं विष पेशीच्या आवरणाला भोकं पाडतं. काही जंतूंचं विष पेशी मारून टाकतं, मग शौचातून रक्त पडतं. अशा वेळी ओआरएस द्या, पण डॉक्टरकडे न्यायला उशीर करू नका.

बोटीवर आणि घरी एवढं पाळा :

• प्रत्येक फेरीला ओआरएसची दहा तरी पाकिटं न्या. मोठं पाकीट 1 लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण घाला, अर्धं नाही.
• पाकीट नसेल तर 1 लिटर पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा.
• समुद्राचं पाणी कधीच वापरू नका. त्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम मीठ असतं, ओआरएसमध्ये 2.6 ग्रॅम.
• उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग घोट घोट पाजा. लहान मुलांचं अंगावरचं दूध आणि जेवण चालू ठेवा. मुलांना झिंकच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून द्या.
• मासळीचा बर्फ पिण्याच्या पाण्यात टाकू नका. कच्ची कोळंबी कापलेल्या सुरीने कांदा-काकडी कापू नका. मासळी आतपर्यंत शिजवा.
• माणूस सुस्त पडला, पाणी पोटात टिकत नाही, लघवी बंद झाली, तर जाळं ओढा आणि बोट वळवा.

एका फेरीचं नुकसान भरून निघतं, माणूस गेला तर परत येत नाही. तांडेल आणि बोटमालकांनी हे सगळ्या खलाशांना वाचून दाखवावं ही विनंती.

आपला,
सेक्रेटरी