गुरुवारचा व्हिडिओ वर्ग: गावातली जागा अशी तयार ठेवा



येत्या गुरुवारी सकाळी ११ ते १२ या वेळेत कृषी विज्ञान केंद्राचे कीटकशास्त्रज्ञ व्हिडिओ कॉलवर कपाशीच्या गुलाबी बोंडअळीबद्दल बोलणार आहेत. घरी एकट्याने न बघता प्रत्येक गावच्या गटाने एकत्र बसून हा वर्ग करायचा आहे.

मागच्या वेळचं आठवतंय ना? एका गावात आवाज तुटत होता. साहेबांनी औषधाचं प्रमाण १० लिटर पाण्याला सांगितलं, काहींनी ते एका पंपाला असं ऐकलं. पंप १५ लिटरचा. औषध पातळ झालं, मजुरी वाया गेली आणि अळी बोंडात शिरली. म्हणून यावेळी एकच गोष्ट पक्की धरा: चित्र थोडं अंधुक चालेल, आवाज स्वच्छच हवा.

*१) जागा*
पत्र्याची खोली नको. पावसाची सर आली की काहीच ऐकू येत नाही. स्लॅबचं समाजमंदिर किंवा ग्रामपंचायतीचा हॉल बघा, शेजारी पिठाची गिरणी नसावी. टीव्ही दारा-खिडकीच्या समोर ठेवू नका, काच चमकते. खाली सतरंजी टाका, आवाज कमी घुमतो. प्रोजेक्टरपेक्षा टीव्ही बरा. त्याला अंधार लागत नाही आणि इन्व्हर्टरवर जास्त वेळ चालतो.

*२) नेट*
रेंज अंगणात नाही, खोलीत तपासा. दोन वेगळ्या कंपन्यांचे सिम असलेले दोन फोन ठेवा. एक चालू, दुसरा राखीव. हॉटस्पॉटचा फोन खिडकीत, चार्जिंगला लावून ठेवा. तासाभराच्या कॉलला साधारण १ ते दीड जीबी डेटा जातो. ज्याचा रोजचा पॅक दीड जीबीचा आहे, त्याने त्या दिवशी सकाळपासून रील बघू नयेत!

*३) लाईट*
लॅपटॉप, दोन्ही फोन आणि स्पीकर रात्रीच फुल चार्ज करा. इन्व्हर्टर कोणाकडून आणायचा ते आजच ठरवा. लाईट गेल्यावर धावाधाव नको.

*४) आवाज*
• एका खोलीत एकाच लॅपटॉपवरून जॉईन व्हा. दुसऱ्या कोणी तिथेच मोबाईलवर लिंक उघडली की आवाज घुमतो आणि कर्कश शिट्टी वाजते. मागच्या वेळी नेमकं हेच झालं होतं.
• स्पीकर वायरने जोडा. ब्लूटूथ मध्येच तुटू शकतं.
• साहेब बोलत असताना आपला माईक बंद. प्रश्न विचारतानाच चालू करा.
• सगळ्यांचे मोबाईल सायलेंट.

*५) प्रश्न आणि नमुना*
बुधवारी शेतात फिरून वेगवेगळ्या झाडांची २० हिरवी बोंडं तोडा, फोडून बघा. किती बोंडांत अळी निघाली ते लिहा. २० पैकी २ बोंडांत अळी, म्हणजे १० टक्के, ही फवारणीची पातळी समजली जाते. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री रोज ८ किंवा जास्त पतंग आले असतील तर तेही लिहा. फोडलेल्या बोंडाचा फोटो उजेडात, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून काढा आणि बुधवारी संध्याकाळपर्यंत ग्रुपवर टाका.

प्रश्नासोबत लागवडीची तारीख, वाण आणि आधी कोणती फवारणी कधी केली हे लिहून आणा. माईकवर प्रश्न एकाच व्यक्तीने वाचायचे. निंदणी-वेचणीला रोज शेतात असणाऱ्या भगिनींना पुढे बसवा. अळी आधी त्यांनाच दिसते.

*६) रंगीत तालीम*
बुधवारी सकाळी ११ वाजताच करा. संध्याकाळी चाललं म्हणून सकाळी चालेल असं नाही, लाईट आणि नेटची वेळ वेगळी असते. ऑफिसमधून आम्ही कॉल लावू आणि काही आकडे वाचू. शेवटच्या रांगेत बसलेल्याने ते परत म्हणून दाखवायचे. बरोबर आले तर जागा तयार!

*७) वर्ग संपण्याआधी*
एकाने औषधाचं नाव आणि प्रमाण वहीत लिहायचं आणि साहेबांना मोठ्याने वाचून दाखवायचं. तीन गोष्टी विचाराच: किती लिटर पाण्याला? साध्या पंपाला की पेट्रोल पंपाला? फवारणीनंतर किती दिवस वेचणी करायची नाही? साहेबांनी "बरोबर" म्हटल्यावरच पानाचा फोटो ग्रुपवर टाका. नुसत्या ऐकीव आकड्यावर कोणी फवारू नका.

नेट अजिबातच चाललं नाही तर ऑफिसला साधा फोन लावून स्पीकरवर ठेवा, आम्ही इकडून आवाज ऐकवू. चित्र दिसणार नाही, पण सल्ला चुकणार नाही.

गटप्रमुखांनी जागा, इन्व्हर्टर आणि दोन सिम यांची सोय झाली की ग्रुपवर "तयार" असं लिहून गावाचं नाव टाकावं. अडचण असेल तर आजच कळवा, गुरुवारी सकाळी नको.

आपली,
शेतकरी उत्पादक कंपनी, सल्ला विभाग