नावापुरते उरलेले गाव

आमच्या तालुक्याचे नाव आंबेगाव. कचेरी मात्र घोडेगावास. मूळ आंबेगाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात बुडाले. शेजारच्या जुन्नर तालुक्यात, नाणेघाटाच्या लेण्यात, सातवाहन राणी नागनिकेच्या काळातील यज्ञांची व दानांची नोंद सुमारे दोन हजार वर्षांनंतरही वाचता येते. कारण ती दगडात कोरलेली आहे. आंबेगावच्या घरांचा, शिवाराचा इतिहास मात्र विस्थापितांच्या आठवणींतच आहे. धरणाने खालच्या भागातील शेते भिजली, हे खरेच. परंतु त्याची किंमत कोणी मोजली, हेही लिहिले गेले पाहिजे. राजांचा इतिहास शिलालेख सांगतात. अशा गावाचा इतिहास वृद्धांनाच विचारावा लागतो, आणि तोही ते हयात आहेत तोवर. हे काम आपण विद्यार्थ्यांनी हाती घ्यावे, असे मला वाटते.