धाब्याचे घर

मुलांनो, वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीर हे गाव तुम्हांला माहीत आहे ना? हजरत हयात कलंदर यांच्या दर्ग्यामुळे मंगरूळच्या नावाला 'पीर' हा शब्द जोडला गेला. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. त्याआधी हे गाव अकोला जिल्ह्यात होते.

चला, या गावातल्या एका जुन्या घरी जाऊ. दारापुढे कडुनिंब आहे. त्याच्या सावलीत शेळी बांधली आहे. दरवाजा ठेंगणा आहे, म्हणून जरा वाकून आत या. ही ओसरी. इथे पाण्याचा माठ आहे. मागे परसात विहीर आहे. बाहेर मे महिन्याचे ऊन भाजत आहे. पण भिंतीला हात लावून पाहा, ती किती गार लागते! मातीची जाड भिंत लवकर तापत नाही.

आता वर पाहा. लाकडी तुळया आहेत. तुळयांवर फळ्या आणि काड्या आहेत. त्यांवर मातीचा जाड थर आहे. अशा सपाट छपराला 'धाबे' म्हणतात.

धाब्यासाठी काळी माती चालत नाही. ती उन्हात भेगाळते आणि पावसात फुगते. तिथे कापूस, तूर छान पिकते, पण घर टिकत नाही. घराला पांढरी माती लागते. म्हणूनच आपल्याकडे शेताला 'काळी' आणि गाववस्तीला 'पांढरी' म्हणतात.

पावसाळ्यापूर्वी धाब्यावर नवी माती टाकावी लागते. भेगा बुजवाव्या लागतात. पन्हळी साफ कराव्या लागतात. पूर्वी या कामाला शेजारीपाजारी घमेली घेऊन येत. आता माणसे मिळत नाहीत. म्हणून या घरातला मुलगा म्हणतो, "दादी, हे पाडून स्लॅबचे घर बांधू." दादी म्हणतात, "बांध बेटा. पण उन्हाळ्यात झोपायचे कुठे?"

सांगा, कोणाचे खरे? दोघांचेही! दगडमातीचे जड घर धोक्याचेही असते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी भागात भूकंप झाला. अशी घरे कोसळून हजारो माणसे दगावली. पण स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता घरात सोडतो, हेही खरे.

मग काय करावे? नवे घर पक्के बांधावे, पण जुन्या घराचे शहाणपण सोडू नये. दारातला कडुनिंब तोडू नये. पुढे ओसरी ठेवावी. समोरासमोर खिडक्या ठेवाव्यात. उन्हाळ्यात स्लॅबला वरून चुना लावावा. पांढऱ्या रंगाने ऊन परत फिरते.

मुलांनो, तुमच्या गावात असे घर असेल, तर ते पाडण्याआधी एकदा पाहून या. ते कसे बांधले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा.

शब्दार्थ
ओसरी – घराच्या पुढील भागातील उघडी जागा
परस – घरामागील मोकळी जागा
पन्हळ – छपरावरचे पाणी वाहून नेणारी नळी
दगावणे – मरण पावणे

स्वाध्याय
१. धाब्यासाठी काळी माती का चालत नाही?
२. दादीचे म्हणणे तुम्हांला पटते का? कारण लिहा.
३. 'घर', 'दरवाजा' हे शब्द उर्दूतही आहेत. घरासंबंधीचे असे आणखी पाच शब्द शोधा.